तांदळाच्या पोत्याला नमस्कार

ॲन आर्बरच्या त्या घराची मला अजून स्वप्नं पडतात. स्वप्नात बर्फ असतो, स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरलेली असते, आणि वाफेच्या पलीकडे मागच्या अंगणात कुणीतरी रंगीत स्वेटर घालून उभं असतं. स्वेटर निळा दिसला की मी झोपेतच म्हणतो, आज शुक्रवार. जाग येते तेव्हा मी पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये असतो आणि बहुतेक वेळा वार भलताच असतो.

ती बाई माझी घरमालकीण. थायलंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली, पासष्टीची, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. हॉस्पिटलात तीस वर्षं नर्सचं काम करून निवृत्त झालेली. नवरा अमेरिकन होता, तो मी यायच्या आधीच वारला होता. त्याचे बर्फातले भलेमोठे बूट दाराशी तसेच होते आणि अंगणात जाताना ती तेच पायात अडकवायची. ती चालायला लागली की आधी बूट निघायचे आणि मग ती.

स्वेटरचं सांगायला हवं. तिच्या देशात प्रत्येक वाराला रंग असतो. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी, शुक्रवारी निळा, शनिवारी जांभळा, रविवारी लाल. मिशिगनच्या हिवाळ्यात आकाश, रस्ता आणि माणसं सगळी एकाच राखाडी रंगाची होतात, त्यात ही एकटी बाई वार सांभाळून होती. पहिल्या वर्षी मी कॅलेंडर विकतच घेतलं नाही. सकाळी जिना उतरताना स्वेटर बघायचा आणि त्याप्रमाणे बस पकडायची. दोन वर्षांत माझा वार एकदाही चुकला नाही. एकदाच गोंधळ झाला, त्याची हकिकत पुढे येईल.

खोलीचा पत्ता मला मंदारने दिला. मंदार विद्यापीठात माझ्याच डिपार्टमेंटचा, नागपूरचा. तो म्हणाला, "रूम मस्त आहे बे, बसस्टॉप समोरच आहे. पण तिथं कोणी टिकत नाही. काऊन ते मला विचारू नको, तूच जाऊन पाहून घे."

मी दारातून आत पाऊल टाकलं आणि टिकत का नाही ते नाकाला कळलं. पण नाकाला जे कळलं त्याने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी वेंगुर्ल्याचा. सुका जवळा तव्यावर भाजला जातोय असा वास, आणि तोही सप्टेंबरातल्या अमेरिकेत, जिथे महिनाभर मी पावाचे तुकडे गिळत होतो. ती गॅसवर चांदीच्या कागदाची पुडी उलटसुलट करत होती. पुडीत कोळंबीची आंबवलेली चटणी होती. एक डोळा पुडीवर आणि एक माझ्यावर. मी खोली दाखवा म्हणण्याऐवजी विचारलं, "याच्याबरोबर भात असतो का?" खोली मला मिळाली.

पुढे कळलं, कुणीही खोली बघायला येणार असलं की ती ती पुडी मुद्दाम भाजायची. तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. समोरच्याला अवघड वाटेल असं काही बोलायचं नाही, कुणावर आपला भार टाकायचा नाही, याला तिच्या भाषेत एक शब्द आहे, क्रेंग जाय. आपण ज्याला भीड म्हणतो त्याच्या जवळचाच, पण आपली भीड चेपते आणि तिची कधी चेपत नसे. म्हणून नकोशा भाडेकरूला घालवायचं काम तिने त्या पुडीवर सोपवलं होतं. लोक नाकाला रुमाल लावून आपणहून निघून जात आणि हिला कुणाचं मन मोडावं लागत नसे.

"अपस्टेअर्स, तुझी आई किती वर्षांची?" हा तिने मला विचारलेला पहिला प्रश्न. वरच्या खोलीत राहील त्याला ती अपस्टेअर्स म्हणायची. तिचं इंग्रजी तुटक होतं, त्यात क्रियापदांना काळ नसे. मी ते इथे मराठीत लिहितोय म्हणून जरा बरं वाटेल.

मी म्हटलं, "त्रेपन्न."

"मी मोठी. मग तू मला पा म्हण. आई मोठी असती, तर दुसरा शब्द."

आईवडिलांहून मोठी बाई ती पा, लहान असली तर हाक वेगळी. आधी वयं लावून घ्यायची, मगच तोंड उघडायचं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत दिसेल तिला मावशी म्हणून मोकळे होतात. तिला ते फार निष्काळजीपणाचं वाटलं. वाटलं हे चेहऱ्यावरून कळलं, बोलली नाही.

पहिल्या जेवणाची मी वाट लावली. टेबलाच्या मध्यात तीन वाडगे होते आणि प्रत्येकात एक मोठा चमचा. मी आपल्या सवयीने पान वाढून घेतलं. उजवीकडे भाजी, मध्ये भात, भातावर रस्सा, डावीकडे ती तिखटजाळ चटणी. वाडगे अर्धे झाले. पा मात्र एका वेळी एकाच पदार्थाचा एकच चमचा घेई, तो संपला की दुसरा. सगळं एकदम ओढून घेणं तिच्याकडे हावरटपणाचं, हे मला तेव्हा कुठे माहीत. मला एवढंच दिसलं की बाईंची भूक फार कमी आहे. माझं झालं तसं पाहुण्याआधी थांबू नये आणि नंतरही चालू ठेवू नये म्हणून तिनेही चमचा ठेवला. मग तिने माशाचा वाडगा पुढे केला. मला तो हवा होता, म्हणून अर्थातच मी "नको नको" म्हटलं. आपल्याकडे पहिलं नको धरत नाहीत. तिने धरलं आणि वाडगा लगेच उचलून फ्रिजमध्ये टाकला.

तासाभराने आम्ही दोघं फ्रिजसमोर भेटलो. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे, आणि मग ती जी हसायला लागली ती ओट्याला धरूनच. त्या दिवशी आमचा करार झाला की या घरात नको म्हणजे नको आणि हवं म्हणजे हवं. तिने बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून चिकट भात काढला, बोटांनी त्याचा गोळा वळला, चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला. हाताने जेवणारं माणूस मी महिन्याभराने बघत होतो.

"आमच्या गावात असंच," ती म्हणाली. "चमचे बँकॉकचे."

डोकं वर आणि पाय खाली, एवढाच तिचा धर्म होता असं मंदार म्हणायचा. तळघरात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या होत्या, वरची शर्टांची आणि गुडघ्याएवढ्या उंचीची खालची, मोज्यांची. मी चुकून वर टांगलेले मोजे दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खाली आलेले असत. मी सोफ्यावर बसून स्टुलावर पाय पसरले की ती उठून दुसऱ्या खुर्चीत बसे. मला वाटायचं, तिला उजेड हवा असेल. मी वळून तिच्याशी बोलायला लागलो की ती पुन्हा जागा बदले. एका रविवारी ती अशी चारदा उठली तेव्हा मंदारच्या लक्षात आलं. "अबे, ती तुझ्या तळपायापासून पळून राह्यली! पाय खाली घे ना यार." मी पाय खाली घेतले आणि तिने पाचव्यांदा उठायच्या ऐवजी चहा आणला.

मागच्या अंगणात एका खांबावर छोटंसं लाकडी घर होतं. उतरतं छप्पर, पुढे वीतभर ओसरी. मंदारला ते पक्ष्यांचं वाटलं आणि त्याने त्यात पावाचा चुरा ठेवला. खारी आल्या, त्यांनी सगळं उकरून टाकलं. पा त्याला एक शब्द बोलली नाही, पण मला म्हणाली, "तिथे जमिनीचा मालक राहतो. मीसुद्धा त्याच्याकडे भाड्याने."

तिच्या गावाकडे अशा मालकाला लाल सोडा देतात, बाटलीत स्ट्रॉ घालून. इथे तो थंडीत गोठला आणि बाटली तडकली. पण तिची खरी काळजी वेगळीच होती. इथला मालक थाई नाही, फार जुना असणार, अमेरिकन लोक यायच्या आधीचा. त्याला काय आवडतं हे कुणाला विचारायचं? दोन हिवाळे ती प्रयोग करत होती. आल्याचा सोडा, कॉफी, संत्र्याचा रस. शेवटी सफरचंदाचा गरम सायडर त्याला मानवला असं तिने ठरवलं. का, ते मी विचारलं नाही. बर्फ पडला की ती आधी त्याच्या छपरावरचा बर्फ झाडायची, मग घराच्या पायऱ्यांवरचा.

मी तिला सांगितलं की आमच्या कोकणात याला राखणदार म्हणतात. बागेचा, वाडीचा असतो. माझे वडील वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. इंजिनिअरिंगला असताना मी त्यावर वडिलांशी पुष्कळ वाद घातला होता. पा एकदम खूष झाली. "मग तुला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. माझा यावर विश्वास नाही हे सांगायचं माझ्या जिभेवर होतं, पण तिच्या घरात राहून मलाही तिची ती भीड लागली होती.

पहिली दिवाळी परीक्षेत गेली होती, मग ती दुसऱ्या वर्षीची दिवाळी आली. शुक्रवार होता, तिचा स्वेटर निळा. मी कसाबसा चिवडा केला होता, अमेरिकन कॉर्नफ्लेक्सचा. घरून आणलेला झब्बा घातला, वाडगा घेऊन खाली गेलो, तिच्या हातात दिला आणि सवयीने खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

ती किंचाळलीच. मागे सरली, पाठ ओट्यावर आपटली, चिवडा जमिनीभर झाला. "नाही! मला नाही! मला नाही!" म्हणत ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी चिवडा झाडून काढला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जिना उतरलो तर ती बुधवारच्या हिरव्या स्वेटरमध्ये. रविवारी तोच हिरवा. माझं जेवण दोन्ही दिवस माझ्या दाराबाहेर, वर ताटली झाकून. पायांची तिला एवढी शिसारी, दोऱ्यासुद्धा वेगळ्या, आणि मी तिच्या पायांना हात लावून तोच हात डोळ्यांना लावला. घाणेरडेपणाच केला, असं मी धरून चाललो. सोमवारी सकाळी खाली जाऊन मी माफी मागितली. म्हटलं, पा, पाय तुमच्याकडे वाईट, मला माहीत असायला हवं होतं.

"तुला काही माहीत नाही," ती म्हणाली. "बस."

तिने चहा ओतला. मग सांगितलं. पायांवर डोकं ठेवणं वाईट नाही, त्याहून मोठं काही नाही. म्हणून ते कुणालाही करत नाहीत. आईला करतात, बापाला करतात. लांब जाताना, किंवा हातून काही चुकलं असेल तेव्हा. घरमालकिणीला नाही. मग तिने विचारलं, "तू किती जणांना केलंस आजपर्यंत?"

मी मोजायला लागलो. काका, मामा, आत्या. शेजारचे जोशीकाका. वडिलांचे मास्तर, ते एस.टी. स्टँडवर भेटले म्हणून तिथेच. लग्नांमध्ये तर आई मागून ढोसते आणि आपण वाकतो, कुणाचे पाय आहेत ते वर बघितल्यावर कळतं.

पा ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. "इतक्या आया!" ती म्हणाली. हसता हसता थांबली. कपावरची वाफ बघत बसली.

"मला एकच," ती म्हणाली. "तिलासुद्धा नाही केलं."

चौतीस वर्षांपूर्वी ती अमेरिकेला निघाली तेव्हा आईचा विरोध होता. भांडण झालं, आठ दिवस दोघी बोलत नव्हत्या. निघायच्या सकाळी आई ओसरीवर येऊन बसली. त्यांची घरं लाकडी खांबांवर उभी असतात, ओसरीवरून जिना खाली उतरतो. आई तोंडाने काही बोलली नाही, फक्त पाय पुढे घेऊन बसली. मुलगी लांब जाते आहे, येईल, पायांवर डोकं ठेवून कळत नकळत झालेल्याची क्षमा मागेल, अशी.

"मी बघितले पाय," पा म्हणाली. "मी जिना उतरले."

त्यानंतर ती गावी गेलीच नाही. आधी राग होता, मग नोकरी, मग नवऱ्याचं आजारपण. आणि या सगळ्याच्या खाली भीती, की आता आईने पाय मागे घेतले तर? धाकटा भाऊ दर रविवारी फोन करायचा. आई फोनवर कधी आली नाही. आणि आता भाऊ म्हणत होता की आई विसरायला लागली आहे. ये, अजून थोडी शिल्लक आहे ती.

"मग जा ना, पा!" मी म्हणालो.

"मालकाकडे कोण बघेल?" तिने अंगणाकडे बोट दाखवलं.

"मी बघेन."

"बर्फ?"

"झाडेन."

"सायडर गरम लागतो."

"गरम करेन. हवं म्हणजे हवं, पा. आपलं ठरलंय."

मंगळवारी गुलाबी स्वेटर होता. मला हायसं वाटलं.

ती जाणार हे ठरलं, पण खरी अडचण गुडघ्यांची निघाली. वॉर्डात तीस वर्षं उभं राहून ते गेले होते. तिच्या पद्धतीत नुसतं वाकून भागत नाही. दोन्ही पाय एका बाजूला मुडपून जमिनीवर बसायचं, हात जोडून पायांपाशी टेकवायचे, त्यावर कपाळ. तीन वेळा. म्हणून डिसेंबरभर आमच्या बैठकीच्या खोलीत सराव चालला. खाली गोधडी घातली, समोर खुर्ची. मी म्हटलं, मी बसतो तुमची आई होऊन. ती इतकी घाबरली! मोठ्याने लहानाच्या पाया पडलं की लहानाचं आयुष्य घटतं. मला गंमत वाटली, हे आमच्याकडेही तसंच होतं. शेवटी तिने कोठीतून चिकट तांदळाचं पोतं ओढत आणलं आणि खुर्चीत बसवलं. तांदूळ म्हणजे आईच, तिला चालतं, असं ती म्हणाली.

मला तो डिसेंबर असाच आठवतो. बाहेर बर्फ भुरभुरतोय, चार वाजताच उजेड विझत आलाय, हीटर कुठेतरी कुरकुरतोय, आणि नारिंगी स्वेटरमधली एक म्हातारी तांदळाच्या पोत्यापुढे हळूहळू खाली जाते आहे. मी कोपराला धरून शेजारी. खोलीत भाताचा वास. किती वेळ गेला याचा हिशेब राहत नसे. ती कपाळ टेकवून तशीच राहायची, आणि मी पोत्याकडे बघत बसायचो, आणि कधी कधी मला वाटायचं की पोतं आत्ता काहीतरी बोलेल.

खाली जाणं तिला जमायला लागलं. उठणं जमेना. दर वेळी मी उचलायचो.

"तिथे तू नाहीस," ती म्हणायची. "मी तिथेच बसून राहणार."

"राहा की," मी म्हणायचो. "आईपाशीच तर असाल."

फेब्रुवारीच्या एका शनिवारी ती निघाली. जांभळा स्वेटर, त्यावर नवऱ्याचा कोट. विमानतळाच्या गाडीत बसताना मी वाकलो नाही, नुसते हात जोडले. तिनेही जोडले, माझ्यापेक्षा जरा खाली, मोठ्यांनी जोडावेत तेवढे. "सायडर," ती काचेतून म्हणाली.

मी रोज सकाळी ते बूट घालून अंगणात जायचो, छप्पर झाडायचो, सायडर ठेवायचो. चार-पाच दिवस मुकाट्याने. तोवर तिच्या भावाचा फोन आला नव्हता आणि माझ्या मनात नको ते यायला लागलं होतं. आई गेली असेल तर? पाय मागे घेतले असतील तर? सहाव्या दिवशी मंदार मला बोलवायला आला, बस यायला दहा मिनिटं होती. मी त्याला हाताला धरून मागे नेला.

"मी बोलतो. मी थांबलो की तू होय महाराजा म्हणायचं."

"काऊन बे? हे काय लावलं सकाळी सकाळी?"

"म्हण यार. एकट्याने होत नाही ते."

मी त्या खांबासमोर उभा राहिलो. वडिलांचं गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकलेलं, कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते मालवणीतच आपोआप आलं. "बा देवा महाराजा, आज हय उभो रवान तुका गाऱ्हाणा घालतंय. ह्या घराची धनीण आवशीक भेटाक गेली हा. तिका आवशीची भेट घडव रे महाराजा. तिचा काय चुकला माकला आसात तर पोटात घाल. सुखरूप परत हाड."

बर्फ पडत होता. मंदारच्या दाताला दात लागत होते. मी कोपराने ढोसलं.

"होय महाराजा," मंदार म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुणी न सांगता, टोपी काढून पुन्हा म्हणाला, "होय महाराजा."

बस चुकली. आम्ही चालतच निघालो.

ती मार्चमध्ये परत आली. बर्फाचा चिखल झाला होता. मी घरात शिरलो तर आत पुडी भाजल्याचा वास आणि ओट्याशी हिरवा स्वेटर. दिवाळीतला तो हिरवा आठवून मी दारातच थांबलो. मग आठवलं, आज बुधवारच आहे.

आम्ही जेवायला बसलो. टोपली मध्ये ठेवून आम्ही भाताचे गोळे वळत होतो. मग तिने सांगितलं.

आई ओसरीवरच बसली होती. नव्वदीची, पानासारखी हलकी. पा जिना चढून समोर गेली, तिने पाय मुडपले, हात टेकवले, कपाळ टेकवलं. आणि आईने पाय मागे घेतले.

मी हातातला घास खाली ठेवला.

"तिने मला ओळखलं नाही," पा म्हणाली. "ती घाबरली. जशी मी तुला घाबरले. ती म्हणाली, अगं बाई, हे काय करतेस? कुणाची तू? हे मला नाही, हे आपल्या आईला करायचं. जा लवकर. तुझी आई वाट बघत असेल."

"मग?"

"मी म्हटलं, हो, जाते. पण मला उठता येईना. गुडघे! तू नव्हतास. भाऊ खाली गाडीपाशी." ती थांबली. तिने आपलं कोपर मला दाखवलं, जणू तिथे अजून काही दिसत असेल. "तिने धरलं. इथे. तिने उठवलं मला."

आईला शेवटपर्यंत कळलं नाही ही कोण. तीन आठवडे पा त्या घरात पाहुणी म्हणून राहिली. आई रोज तिला जेवलीस का विचारायची, आपल्या हाताने भाताचा गोळा करून द्यायची आणि रोज एकदा म्हणायची, आता जा हो, आई वाट बघत असेल.

मी म्हटलं, "पा, वाईट वाटतं. क्षमा मागायची राहिलीच."

"अपस्टेअर्स," ती म्हणाली, "चौतीस वर्षं मला हेच माहीत नव्हतं. ती वाट बघत होती की नाही. आता तिनेच सांगितलं. रोज सांगितलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चटणीत भात बुडवत होती. मग तिने हात धुतले, जाऊन त्या खुर्चीत बसली, पोतं असायचं त्या खुर्चीत, आणि नवऱ्याचे जाडे मोजे काढून पाय समोर ठेवले.

"आता कर," ती म्हणाली.

जन्मभर मी येताजाता वाकलेला माणूस. एस.टी. स्टँडवर वाकलो, मांडवात वाकलो. आणि त्या दिवशी मला वाकता येईना. मी गोधडी आणून खुर्चीपुढे घातली. गुडघे माझे चांगले होते. मग मी गोधडीवर बसलो, तिच्यासारखेच पाय एका बाजूला घेतले आणि त्या लहानशा, सुजलेल्या, औषधाच्या वासाच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. मी त्याचा अर्थ विचारला नाही. मी रडत होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात मी दोन वर्षांनी घरी गेलो. वेंगुर्ल्याच्या घराच्या पायऱ्यांवर आई उभी होती, हातात भाकरतुकडा ओवाळायला. ओवाळून झाल्यावर मी वाकलो. कपाळ तिच्या पायांवर ठेवलं आणि तिथेच राहिलो. मग आई जरा काळजीने म्हणाली,

"काय रे? काय पडलं का खाली?"